डाइव्हनंतर पाय जड पडले तर: मज्जारज्जूच्या डीकॉम्प्रेशन सिकनेसमध्ये पहिल्या तासापासून पुढे काय करायचं

डायव्हर बोटीवर येतो. थोड्या वेळात पाठीत मधोमध कळ येते किंवा छातीच्या खाली, पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत ते दुखणं आपोआप कमी होतं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मज्जारज्जूच्या डीकॉम्प्रेशन सिकनेसमध्ये, म्हणजे वर येताना दाब उतरून शरीरात वायूचे बुडबुडे झाल्याने मज्जारज्जूला होणाऱ्या इजेत, सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. दुखणं ओसरलं तरी त्याच्या मागोमाग पाय बधिर होऊ शकतात, आणि ते लक्षात येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज निघून जातो. त्यामुळे डाइव्हनंतर चोवीस तासांत पाठ, पोट, पाय किंवा लघवी यांपैकी कशाचीही नवी तक्रार आली, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ती डाइव्हमुळेच आहे असं धरून चालायचं.

मज्जारज्जूच का?

पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ३० मीटरवर डायव्हर चार वातावरण दाबाची हवा श्वासात घेतो आणि त्यातला नायट्रोजन रक्तातून ऊतींमध्ये विरघळत जातो. वर येताना दाब उतरतो. उतरण्याचा वेग वायू बाहेर पडण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की बुडबुडे तयार होतात. नायट्रोजन पाण्यापेक्षा चरबीत साधारण पाचपट जास्त विरघळतो. मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागात, म्हणजे मेंदू आणि पायांमधल्या लांब तारा जिथून जातात तिथे, मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं. तिथे वायू भरपूर साठतो, पण रक्तप्रवाह बेताचा असल्यामुळे बाहेर पडायला वेळ घेतो. भोवतीचं आवरणही घट्ट आहे, बुडबुडा फुगला तर सरकायला जागा नसते.

दुसरी वाट शिरांची. कण्याभोवती झडपा नसलेल्या शिरांचं जाळं असतं आणि त्यातलं रक्त संथ वाहतं. बुडबुडे आणि त्यांच्यामुळे चिकटणाऱ्या रक्तकणिका तिथे अडकल्या की मोरी तुंबल्यावर पाणी मागे चढतं तसं रक्त मागे साचतं आणि मज्जारज्जू सुजते. तिसरी वाट हृदयातून जाते. वरच्या दोन कप्प्यांमधली फोरामेन ओव्हेल नावाची खिडकी जन्मानंतर मिटायला हवी, पण साधारण चार प्रौढांमागे एकाची ती पूर्ण मिटलेली नसते. अशा माणसात शिरांमधले बुडबुडे फुफ्फुसात गाळले न जाता थेट धमन्यांमध्ये पोचू शकतात. या तीनपैकी कोणत्या वाटेने किती नुकसान झालं हे एकेका रुग्णात ठरवता येत नाही, आणि उपचारासाठी ते ठरवायची गरजही पडत नाही.

इजा बहुधा छातीच्या पातळीवर, त्यातही खालच्या भागात किंवा कमरेच्या वरच्या भागात होते. म्हणून हात शाबूत आणि पाय गेलेले, असं चित्र नेहमीचं आहे.

लक्षणं आणि वेळ

गंभीर लक्षणं बहुतेकदा पृष्ठभागावर आल्यापासून पहिल्या तासाभरात सुरू होतात, काही वेळा दहा मिनिटांच्या आतच. सहा तासांनंतर सुरुवात होणं कमी, चोवीस तासांनंतर दुर्मीळ. नेहमीचा क्रम असा: पाठदुखी किंवा पोटाभोवती आवळणं, मग तळपायांत मुंग्या, मग पाय जड पडणं, चालताना तोल जाणं, आणि लघवी न होणं. हा क्रम पाळला जाईलच असं नाही. कधी कधी पहिली तक्रार ‘पाय झोपलेत’ एवढीच असते. दंडावर किंवा पोटावर जाळीदार जांभळट चट्टे आले असतील तर जास्त सावध व्हा, कारण ते आणि मज्जासंस्थेची इजा बऱ्याचदा एकत्र येतात.

पृष्ठभागावर येताक्षणी बेशुद्धी, फेफरं किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणं, हे फुफ्फुस फाटून हवा थेट धमनीत गेल्याचं चित्र असू शकतं. जागेवरची काळजी त्यातही तीच. डॉक्टरांना मात्र लक्षणं वर येऊन किती मिनिटांनी सुरू झाली हे नक्की सांगा.

‘डाइव्ह कॉम्प्युटरने (खोली आणि वेळेवरून सुरक्षित मर्यादा दाखवणाऱ्या उपकरणाने) हिरवं दाखवलं होतं’ हा पुरावा नव्हे. कॉम्प्युटर एका गणिती शरीराचा हिशेब करतो. मर्यादेच्या आत राहून केलेल्या डाइव्हनंतरही मज्जारज्जूची इजा होते.

पहिली पाच मिनिटं: आडवं झोपवा, ऑक्सिजन लावा

डायव्हरला सपाट, आडवं झोपवा. बेशुद्ध असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर. पाय वर आणि डोकं खाली करण्याची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे. त्याने मेंदूची सूज वाढू शकते आणि श्वासही अडतो. ‘जरा चालून बघ’ म्हणून उठवू नका. शिडी चढणं, टाकी उचलणं, जोर लावून कुंथणं यानेही हृदयातल्या त्या खिडकीतून बुडबुडे पलीकडे ढकलले जाऊ शकतात.

मग शक्य तितका शुद्ध ऑक्सिजन. डिमांड व्हॉल्व्हचा (श्वास ओढला की ऑक्सिजन सोडणारा) मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत असेल तर तो उत्तम. नसेल तर पिशवी असलेला नॉन-रीब्रीदर मास्क, मिनिटाला १५ लिटर. पिशवी आधी बोटाने झडप दाबून पूर्ण फुगवा, मग मास्क लावा. श्वास घेताना पिशवी पार चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय. मास्कच्या कडेतून, विशेषतः दाढीपाशी, हवा आत येत असेल तर रुग्णाला मिळणारं प्रमाण बरंच घसरतं. नाकातल्या नळीने काम भागत नाही. ऑक्सिजनजवळ तेल, ग्रीस, सिगारेट नको, आणि बंदिस्त केबिन असेल तर खिडक्या उघडा.

साठ्याचा हिशेब डाइव्हला निघण्याआधीच करायचा असतो. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले दाब बारमध्ये, म्हणजे आतल्या वायूचे लिटर. २ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला ४०० लिटर असतात आणि मिनिटाला १५ लिटरने ते २६ मिनिटांत संपतात. १० लिटरच्या सिलिंडरमध्ये २००० लिटर, म्हणजे सव्वादोन तासांना थोडा कमी वेळ. मदतीपर्यंत पोचायला दोन तास लागत असतील तर छोटा सिलिंडर ठेवणं हा निव्वळ देखावा आहे. साठा कमी पडतोय म्हणून प्रवाह बारीक करत बसू नका. पूर्ण प्रमाणात द्या, आणि संपण्याआधी दुसरी सोय पाहा.

ऑक्सिजनने मुंग्या जातात, पायात जोर येतो. मग डायव्हर म्हणतो, ‘आता बरा आहे, चेंबरची (वाढवलेल्या दाबात ऑक्सिजन देणाऱ्या बंद कक्षाची) काय गरज?’ पण ऑक्सिजन काढल्यावर काही तासांत लक्षणं परत येऊ शकतात, आणि तेव्हा चेंबर लांब असतो. सुधारणा झाली ही आनंदाची गोष्ट, पण त्याने पुढचा बेत बदलत नाही.

काय देऊ नये हेही पक्कं ठेवा. वेदना कमी करायला दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड पूर्ण वर्ज्य, कारण तो बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. ही गोष्ट अँब्युलन्समधल्या माणसाला मुद्दाम सांगा, कारण त्याच्याकडे तो वायू असू शकतो. दारू, कॉफी नको. वेदनाशामक गोळी दिलीच तर वेळ लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या तपासणीत गोंधळ होतो.

पूर्ण शुद्धीत असेल, गिळता येत असेल, उलटी होत नसेल तर पाणी किंवा क्षारसंजीवनी घोटाघोटाने द्या. पण किती प्यायला आणि किती लघवी झाली याची नोंद ठेवा. कारण पुढे येतंच आहे.

तपासणी: पाच-दहा मिनिटांत, ऑक्सिजन चालू ठेवून

ही तपासणी डॉक्टर नसलेल्या माणसालाही करता येते. तिचा उपयोग निदानापेक्षा तुलनेसाठी जास्त आहे. अर्ध्या तासाने तीच तपासणी त्याच क्रमाने केली की सुधारतंय की बिघडतंय ते कळतं.

१. भान. नाव, ठिकाण, वेळ विचारा. बोलणं स्पष्ट आहे का, चेहरा दोन्हीकडे सारखा हलतो का ते पाहा.

२. ताकद. हातांची पकड आधी. मग झोपलेल्या अवस्थेत एकेक पाय गुडघा न वाकवता उचलायला सांगा आणि मांडीवर हाताने दाब द्या. पाऊल स्वतःकडे ओढायला लावा, मग ‘गाडीचा ब्रेक दाबतोस तसं’ खाली दाबायला लावा. शेवटी एकटा अंगठा वर. उजवी-डावी तुलना करा. साधी भाषा पुरते: पूर्ण जोर, कमी जोर, फक्त हलतो, हलत नाही.

३. संवेदना. डोळे मिटायला सांगा. कापसाने तळपायापासून वर वर स्पर्श करत जा आणि ‘नीट जाणवतंय’ असं जिथे म्हणेल तिथे त्वचेवर पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहा. नंतर बोथट टोकाने तेच. जांघ ही कमरेच्या पहिल्या मज्जामुळाची खूण, बेंबी छातीच्या दहाव्याची, स्तनाग्रांची पातळी चौथ्याची. रेघ वर सरकत गेली तर इजा वाढतेय. पेनाची ती रेघ चेंबरमधल्या डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

४. सांध्याची जाणीव. डोळे मिटलेले असताना पायाचा अंगठा कडेने धरून वर किंवा खाली करा आणि दिशा विचारा. ताकद पूर्ण असूनही इथे चूक होत असेल तर मज्जारज्जूचा मागचा भाग दुखावला आहे. अशा माणसाला पाय ‘ठीक’ वाटतात, पण अंधारात तो पडतो.

५. तोल. पायात पूर्ण जोर असेल, बाकी काही सापडलं नसेल आणि जमीन स्थिर असेल तरच. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, हात छातीवर घेऊन, डोळे मिटून उभं करायचं. कुणीतरी धरायला जवळ हवंच. हलत्या बोटीवर ही चाचणी करू नका, तिथे धडधाकट माणूसही नापास होतो.

एखादी पायरी अर्धवट राहिली तरी चालेल, ऑक्सिजन थांबता कामा नये.

लघवीचा प्रश्न

हे सगळ्यात दुर्लक्षित लक्षण आहे, बहुधा संकोचामुळे. मज्जारज्जू दुखावली की मूत्राशय भरल्याची जाणीव जाते किंवा जाणीव असून सुटत नाही. बाहेरून पाणी आणि सलाइन चालूच असतं. काही तासांत मूत्राशय टम्म फुगतं, आणि डायव्हरला दुखतही नाही, कारण तो भाग बधिर असतो. म्हणून स्पष्ट विचारा: ‘शेवटची लघवी कधी झाली? झाली ती जोर लावून की सहज?’ बेंबीखाली हात ठेवा. तिथे गोल, घट्ट उंचवटा लागला तर कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, हवा.

कॅथेटरचा फुगा पाण्याने भरायचा, हवेने नाही. चेंबरमध्ये दाब वाढला की हवेचा फुगा आकसतो आणि कॅथेटर निसटू शकतो. श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्यालाही हाच नियम. डाइव्हिंगची सवय नसलेल्या रुग्णालयात ही गोष्ट कुणाच्या मनातही येत नाही, तेव्हा सोबत जाणाऱ्याने आठवण करून द्यावी.

फोन आणि प्रवास

एकाने तपासणी करावी, दुसऱ्याने त्याच वेळी फोन. आधी स्थानिक आपत्कालीन सेवा, मग डाइव्हिंगच्या वैद्यकीय हॉटलाइनला. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची अशी सेवा चोवीस तास चालू असते. तो क्रमांक डाइव्हला निघण्याआधीच फोनमध्ये असावा. सगळे हायपरबेरिक चेंबर आणीबाणीचे रुग्ण घेत नाहीत. जखमा भरून येण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या कित्येक चेंबरमध्ये गरजेचा दाब किंवा रात्रीचे कर्मचारी नसतात. म्हणून विचारल्याशिवाय थेट चेंबर गाठू नका. आधी जवळचं रुग्णालय, तिथून ठरवून पुढे.

सोबत द्यायचा कागद: प्रत्येक डाइव्हची खोली, वेळ, वायू, वर येण्याचा वेग, पृष्ठभागावर आल्याची वेळ, पहिलं लक्षण कधी, ऑक्सिजन कधी सुरू झाला, तपासण्यांचे निकाल. डाइव्ह कॉम्प्युटर रुग्णाबरोबरच पाठवा. त्याच्या बडीचीही (डाइव्हमधल्या जोडीदाराचीही) तपासणी करा, कारण दोघांची डाइव्ह एकच होती.

हेलिकॉप्टर सुरक्षितपणे शक्य तितक्या कमी उंचीवर, ३०० मीटरच्या खाली उडावं. विमान असेल तर केबिनचा दाब समुद्रसपाटीचा ठेवता येणारं हवं. उंचीवर दाब आणखी उतरला की बुडबुडे मोठे होतात. रस्ता डोंगरावरून जात असेल तर हाच विचार तिथेही करा.

परत पाण्यात उतरवून बुडबुडे दाबायचा मोह टाळा. पाण्यातल्या रिकॉम्प्रेशनला ऑक्सिजन, पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि सराव असलेलं पथक लागतं. पाय लुळे पडलेल्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या माणसासाठी तो मार्ग नाहीच.

रुग्णालयात

ऑक्सिजन तसाच चालू. शिरेतून क्षारयुक्त द्रव द्या, ग्लुकोजचे नकोत, कारण रक्तातली साखर वाढली की दुखावलेल्या मज्जापेशींचं आणखी नुकसान होतं. लघवी तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते एक मिलिलिटर होत राहावी. छातीत दुखणं किंवा धाप असेल तर चेंबरआधी छातीचा एक्स-रे हवा. फुफ्फुसाबाहेर हवा साठली असेल आणि ती नळी घालून काढली नसेल, तर चेंबरमधून वर येताना ती जीवघेणी ठरते. स्टेरॉइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. पाय हलत नसतील तर पायांच्या शिरांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिनच्या प्रतिबंधक मात्रेचा विचार डॉक्टर करतात.

एमआरआयसाठी चेंबर लांबवणं ही इथली नेहमीची चूक. सुरुवातीला एमआरआय बऱ्याचदा स्वच्छ येतो, आणि स्वच्छ एमआरआयने निदान बाद होत नाही. निदान डाइव्हचा इतिहास आणि तपासणी यांवर ठरतं. सरकलेली चकती किंवा दुसरं काही असल्याचा खरोखर संशय असेल तरच स्कॅन आधी.

चेंबरमध्ये काय होतं

सर्वात जास्त वापरलं जाणारं वेळापत्रक अमेरिकन नौदलाचं टेबल ६. दाब १८ मीटर खोलीइतका, म्हणजे २.८ वातावरण. तिथे २० मिनिटं ऑक्सिजन, ५ मिनिटं हवा, असं तीनदा. मग ३० मिनिटांत ९ मीटरच्या पातळीवर. तिथे १५ मिनिटं हवा आणि ६० मिनिटं ऑक्सिजन, दोनदा. शेवटी ३० मिनिटांत बाहेर. एकूण ४ तास ४५ मिनिटं. सुधारणा अपुरी असेल तर दोन्ही पातळ्यांवर वेळ वाढवता येतो. मधल्या हवेच्या विश्रांत्या चुकवायच्या नसतात, कारण त्या दाबात सलग ऑक्सिजनने झटके येऊ शकतात. ओठ फडफडणं, मळमळ, नजर अरुंद होणं दिसताच मास्क काढतात.

दाबामुळे बुडबुडा आकसतो, आणि ऑक्सिजनमुळे त्यातला नायट्रोजन बाहेर पडायला मोठा उतार मिळतो. सुजलेल्या ऊतीलाही ऑक्सिजन पोचतो. म्हणून उशीर झाला तरी चेंबर निरर्थक ठरत नाही, एक-दोन दिवसांनी आलेल्यांनाही उपचार देतात. पहिल्या सत्रानंतर काही बाकी राहिलं तर रोज एक-दोन सत्रं करतात आणि सलग दोन सत्रांत नवी सुधारणा दिसली नाही की थांबतात. सुरुवातीपासूनच पाय पूर्ण लुळे, संवेदना गेलेली आणि लघवी बंद असेल तर पूर्ण बरं होण्याची शक्यता कमी असते. नातेवाइकांना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणं बरं.

नंतरचे आठवडे

बधिर त्वचेला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, चेंबरमधल्या पाच तासांतही. माकडहाड आणि टाचा रोज डोळ्यांनी तपासा. मूत्राशयासाठी कायमच्या कॅथेटरऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून रिकामं करणं लवकर शिकवावं. एका वेळी ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त साठू देऊ नये. इजा छातीच्या सहाव्या मज्जामुळाच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, रक्तदाब चढला, तर माणसाला बसतं करा आणि आधी कॅथेटर तुंबलाय का ते पाहा. पायांतली आग आणि ताठरपणा यांवर औषधं आहेत, सहन करत बसू नये. सुधारणा महिनोन्‌महिने चालू राहते. चेंबर संपल्यावर विमानप्रवासासाठी निदान ७२ तास, आणि डॉक्टरांची परवानगी.

टाळण्यासाठी

वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको, ५ मीटरवर ३ ते ५ मिनिटं थांबा, आणि शेवटचे ५ मीटर सगळ्यात सावकाश. दाबाचं प्रमाण तिथेच झपाट्याने बदलतं. सगळ्यात खोल डाइव्ह दिवसाच्या सुरुवातीला ठेवा. नायट्रॉक्स (हवेपेक्षा ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेलं मिश्रण) घेऊन कॉम्प्युटर हवेच्या सेटिंगवर ठेवला तर नायट्रोजनच्या बाजूने खरी सवलत मिळते, पण त्या मिश्रणाची ऑक्सिजनची खोलीमर्यादा पाळायलाच हवी. तळाशी गरम राहून वर येताना थंडीने गारठणं वाईट, कारण रक्तप्रवाह आकसला की वायू बाहेर पडत नाही. विमान: मर्यादेतल्या एकाच डाइव्हनंतर निदान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवसांनंतर १८, डीकॉम्प्रेशन थांबे (वर येताना वायू बाहेर पडण्यासाठी घ्यावेच लागणारे थांबे) घेतले असतील तर त्याहून बरेच जास्त.

पुन्हा डाइव्ह करावी का?

पायात, तोलात किंवा लघवीत काहीही कमतरता उरली असेल तर नाही. सगळं नॉर्मल वाटत असलं तरी घाई नको. बरा झालेला मानल्या गेलेल्या एका डायव्हरच्या शवविच्छेदनात मज्जारज्जूची झीज आढळल्याची नोंद १९८१ साली प्रसिद्ध झाली होती. म्हणजे शिल्लक तारांवर काम भागत असतं, आणि दुसऱ्या वेळी ती शिल्लक नसते. निर्णय डाइव्हिंगचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरनेच घ्यावा, काही महिने गेल्यावर आणि पूर्ण तपासणी करून.

डाइव्ह साधी होती आणि तरीही मज्जारज्जूला इजा झाली, किंवा हे दुसऱ्यांदा घडलं, तर फोरामेन ओव्हेलची तपासणी करून घ्या. शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं सलाइन देऊन हृदयाची इकोकार्डिओग्राफी करतात, स्वस्थ असताना आणि कुंथायला लावूनही. मोठी गळती सापडली तर तीन पर्याय उरतात: डाइव्हिंग सोडणं, उथळ आणि थोड्या वेळाच्या डाइव्हवर समाधान मानणं, किंवा उपकरण बसवून खिडकी बंद करून घेणं. तिसरा पर्याय घेतला तर निदान तीन महिन्यांनी तीच तपासणी पुन्हा करून गळती थांबल्याची खात्री होईपर्यंत आणि रक्त पातळ करणारी तीव्र औषधं बंद होईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही.